मूल घरात आहे, पण कोणाच्या संगतीत?

(पालक आणि किशोरवयीन मुलांनी एकत्र बसून वाचावयाचा पाठ)

शास्त्रपाठ : लूक २:४१-५२



येशूच्या बालपणीचा शेवटचा प्रसंग संत लूक आपल्याला सांगतो. येशू तेव्हा बारा वर्षांचा होता. वल्हांडणाचा सण आटोपून मारिया आणि योसेफ यरुशलेमहून घरी निघाले. मुलगा नात्यागोत्याच्या माणसांबरोबर पुढेमागे चालत असेल, अशी त्यांची समजूत होती. एक दिवसाची वाट चालून झाली, तेव्हा त्यांनी त्याला शोधले आणि तो त्यांच्यात नाही हे लक्षात आले. पुढे तो मंदिरात सापडेपर्यंत तीन दिवस गेले.

या प्रसंगातून आजच्या पाठासाठी दोन गोष्टी घेऊ या. पहिली अशी की, मारिया आणि योसेफ निष्काळजी नव्हते. तरीसुद्धा मूल आपल्याबरोबर आहे असे त्यांनी गृहीत धरले. आज आपणही तेच करतो. "तो कुठे बाहेर जात नाही हो, घरातच मोबाइलवर असतो," असे आपण समाधानाने सांगतो. मूल घरात आहे हे खरे, पण त्या वेळी ते कोणाच्या संगतीत आहे, हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मुलगा सापडल्यावर मारियेने चारचौघांत त्याच्यावर हात उगारला नाही. तिने त्याला प्रश्न विचारला, आपल्या जिवाला लागलेला घोर सांगितला आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले. ते उत्तर तिला पूर्ण उमगले नाही, तरी तिने ते मनात जपून ठेवले. येशूही त्यांच्याबरोबर नासरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. विचारणे, सांगणे, ऐकणे आणि मग आज्ञापालन, हा क्रम आपण लक्षात ठेवू या. आजचा सारा पाठ या क्रमावरच उभा आहे.

अनोळखी माणूस आता दारातून येत नाही

मोहने-आंबिवलीत एनआरसीचा कारखाना चालू होता तो काळ जुन्या मंडळींना आठवत असेल. कामगारांच्या वस्तीत कोणाचे पोर कोणाबरोबर फिरते, हे चार घरांना माहीत असे. नवखा माणूस आला की कोणीतरी त्याला हटकत असे. २००९ साली कारखाना बंद पडला, कुटुंबे पांगली, चाळींच्या जागी इमारती आल्या. आता आईवडील सकाळची लोकल पकडून ठाण्याला किंवा मुंबईला जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळेत मुलाची ख्यालीखुशाली कळावी म्हणून घरात मोबाइल लागतो.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. तेव्हा या गोष्टी मोजक्या लोकांच्या होत्या. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्गच मोबाइलवर भरू लागले. ज्या घरांनी दहावीपर्यंत मोबाइल द्यायचा नाही असे ठरवले होते, त्यांनाही तो द्यावा लागला. शाळा पुन्हा भरल्या, पण मोबाइल मुलांच्या हातातच राहिला. घाईत दिलेल्या या वस्तूचे नियम अनेक घरांत अजून ठरलेले नाहीत. ते आज ठरवू या.

मुंबईची एक दुःखद घटना

ऑगस्ट २००७ मध्ये अंधेरी परिसरातील सोळा वर्षांच्या एका मुलाचे अपहरण झाले. घरच्यांकडे खंडणी मागितली गेली आणि थोड्याच दिवसांत नवी मुंबईत त्याचा मृतदेह सापडला. ऑर्कुट या त्या वेळच्या लोकप्रिय संकेतस्थळावरून त्याच्याशी ओळख वाढवण्यात आली होती, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. पुढे २०१२ साली सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष मुक्तता केली. म्हणून दोष कोणाचा हे आपण ठरवायचे नाही. पण त्या दिवसांत मुंबई-ठाण्यातील असंख्य आईवडिलांनी प्रथमच आपल्या मुलांना विचारले, "तुझे हे मित्र तू प्रत्यक्ष पाहिलेले आहेत का?"

ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. त्याची जागा इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, ऑनलाइन खेळातले गप्पांचे गट अशा कितीतरी गोष्टींनी घेतली. तो प्रश्न मात्र आजही तसाच विचारावा लागतो.

जाळे कसे टाकले जाते?

मुलांनो, फसवणारा माणूस पहिल्याच दिवशी वाईट वागत नाही. तो तुमच्याच वयाचा असल्याचे भासवतो. फोटो दुसऱ्याचा, नाव खोटे. तुम्हाला आवडणारा खेळ किंवा गायक त्यालाही आवडतो. तो तुमचे कौतुक करतो. घरी भांडण झाले असेल तर तुमची बाजू घेतो. काही दिवसांनी म्हणतो, "हे आपल्या दोघांतच राहू दे." मग तो एखादा खाजगी फोटो मागतो किंवा व्हिडिओ कॉल करायला सांगतो. तो एकदा हाती आला की भाषा बदलते : "पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो."

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने साध्या, अंगभर कपड्यांतल्या फोटोवरूनही खोटे अश्लील चित्र तयार करता येते. म्हणजे काहीही चूक न केलेली मुलगीसुद्धा या धमकीला बळी पडू शकते. अशा वेळी "तूच काहीतरी केले असशील" हे वाक्य घरातल्या कोणीही उच्चारू नये.

ओळखण्याची खूण सोपी आहे. जी मैत्री आईवडिलांपासून लपवायला सांगते, ती मैत्री नव्हे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्यांना जगात पाठवतो, तेव्हा त्यांनी सापाकडून सावधपणा आणि कबुतराकडून निर्मळपणा शिकावा असे सांगतो. प्रभूला आपल्याकडून दोन्ही हवे आहेत.

मूल का सांगत नाही?

पालकहो, हा प्रश्न आपल्यासाठी आहे. धमकी मिळालेले मूल जेवत नाही, रात्री जागते, फोन वाजला की दचकते, घरातले पैसे गुपचूप घेते. तरीही ते सांगत नाही. का? कारण सांगितले तर काय होईल, हे त्याने आधीच ऐकलेले असते. "पुन्हा काही कानावर आले तर फोन फोडून टाकीन," "शाळा बंद करून गावी पाठवीन," "समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." धमकावणाऱ्याची सारी ताकद या भीतीतून येते. मुलाला त्या माणसाची जेवढी भीती वाटते, तेवढीच किंवा त्याहून जास्त बापाच्या रागाची वाटत असेल, तर ते मूल त्या माणसाचे ऐकेल.

म्हणून प्रत्येक घरात आजच एक वचन दिले जावे. वडिलांनी आणि आईने मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे : "तुझ्या हातून काहीही घडले असले, तरी तू येऊन सांगितलेस तर आम्ही मारणार नाही, चारचौघांत बोलणार नाही आणि खरे सांगितल्याची शिक्षा म्हणून फोन काढून घेणार नाही. आधी तुला वाचवू, बाकीचे नंतर बघू." उधळ्या पुत्राच्या बापाने मुलगा दूर असतानाच धावत जाऊन त्याला मिठी मारली. हिशेब विचारायला तो दारात उभा राहिला नाही. आपण तो दाखला दरवर्षी ऐकतो, तो आपल्या घरात लागू करण्याची ही वेळ आहे.

याचा अर्थ शिस्त नको असा नाही. शिस्त आधी लावायची असते, संकटाच्या वेळी नव्हे.

पालकांसाठी

१. रात्री ठरलेल्या वेळेनंतर घरातले सगळे फोन एका जागी चार्जिंगला ठेवावेत. सगळे म्हणजे आईवडिलांचेही. मुलांना बोललेले ऐकू येते, त्याहून जास्त पाहिलेले कळते.

२. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक तेरा वर्षांखालील मुलांसाठी नाही, हा त्या कंपन्यांचाच नियम आहे. खोटी जन्मतारीख टाकून खाते उघडून देऊ नये. सुरुवातच खोटेपणाने झाली तर पुढे खरेपणा कसा मागणार?

३. मुलाचे खाते खाजगी ठेवावे, म्हणजे ओळखीच्या लोकांनाच फोटो दिसतील. हे कसे करायचे ते मुलालाच विचारावे. ते आनंदाने शिकवील आणि बोलणेही सुरू होईल.

४. मुलाचा फोन चोरून तपासू नये. "महिन्यातून एकदा आपण दोघे मिळून बघू," असे उघडपणे ठरवावे.

५. शाळेचा गणवेश, बिल्ला, इमारतीचे नाव, रोजच्या येण्याजाण्याची वेळ कळेल असे मुलांचे फोटो आपणही टाकू नयेत. प्रथम कम्युनियनचे फोटो जरूर काढावेत, पण साऱ्या जगाला दाखवण्याआधी विचार करावा.

६. ओटीपी, पिन कोणालाही सांगू नये. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. एवढे एक वाक्य पाठ असले तरी पुष्कळ फसवणूक टळेल. पोलीस किंवा सीबीआय व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत. "डिजिटल अरेस्ट" नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. घरातल्या आजी-आजोबांनाही हे सांगावे.

७. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला आहे. "थोडेच पैसे आहेत" म्हणून मुलाला बँकेचे किंवा यूपीआयचे खाते खेळासाठी वापरू देऊ नये.

मुलामुलींसाठी

१. ज्याला प्रत्यक्ष भेटलेला नाहीत, त्याला मित्र म्हणू नका. तो फक्त एक नाव आणि एक फोटो आहे. त्याला भेटायला एकटे कधीही जाऊ नका.

२. जो फोटो आजीसमोर दाखवता येणार नाही, तो कोणालाही पाठवू नका. सर्वांत जवळच्या मैत्रिणीलाही नाही आणि प्रेम आहे असे म्हणणाऱ्यालाही नाही. एकदा पाठवलेला फोटो परत येत नाही.

३. दुसऱ्याचा तसा फोटो आला तर पुढे पाठवू नका. गंमत म्हणून पाठवणे हाही गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मुलांची अश्लील चित्रे पुढे पाठवणे, मागून घेणे, बघणे किंवा साठवणे यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट ही की, त्या चित्रातली मुलगी कोणाची तरी बहीण आहे आणि देवाची लेक आहे.

४. वर्गातल्या कोणाची टिंगल करण्यासाठी गट तयार करू नका आणि अशा गटात गप्प बसून राहू नका. जो बाहेर पडतो आणि शिक्षकांना सांगतो, तो चुगलखोर नसतो.

५. आंबिवली, शहाड किंवा टिटवाळा स्थानकावर रूळ ओलांडू नका, पूल वापरा. कानात इयरफोन असताना गाडीची शिट्टी ऐकू येत नाही. लोकलच्या दारात उभे राहून फोनवर बोलू नका. खाली उभे राहून हातावर फटका मारून फोन पळवणारे चोर असतात आणि फोन वाचवायला जाऊन माणसांचे जीव गेले आहेत. गेला तर जाऊ द्या. फोन नवा घेता येतो.

आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप व्हॉट्सॲपवरून तेव्हा पसरले होते आणि ती अफवा होती. ते निरोप पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटले असेल की आपण मुलांचे रक्षणच करतो आहोत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश खोट्या बातम्यांविषयीच दिला होता. आठवी आज्ञा आपल्याला खोटी साक्ष देऊ नका असे सांगते. खात्री न करता पुढे पाठवलेला निरोप ही आपल्या सहीची साक्ष असते. धर्माच्या, जातीच्या नावाने भडकावणारे निरोप तर आपल्या हाताशीच थांबावेत.

संकट आलेच तर काय करावे?

धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. त्याच्याशी बोलणे बंद करावे, पण संभाषण पुसून टाकू नये. त्याचे स्क्रीनशॉट, खात्याचे नाव, नंबर, पैसे पाठवले असल्यास त्याची नोंद हे सारे जपून ठेवावे, मग त्याला ब्लॉक करावे. मुलाला त्या दिवसांत एकटे सोडू नये.

पैशांची फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढे जाणारी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. बँकेलाही लगेच कळवावे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. स्त्रिया आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांची माहिती तेथे नाव न सांगताही देता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मूल स्वतःही त्यावर फोन करू शकते. तातडीच्या प्रसंगी ११२, रेल्वेत १३९.

पोलीस ठाण्यात जाण्याची अनेकांना भीती वाटते. "पोरीचे नाव होईल" ही आईची चिंता खोटी नाही. पण कायद्याने त्याची काळजी घेतली आहे. मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. या कायद्याखाली मुलाचे किंवा मुलीचे नाव, पत्ता, शाळा, फोटो कोणालाही प्रसिद्ध करता येत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि मुलाच्या विश्वासातल्या मोठ्या माणसासमोर घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. तसेच असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "घरातल्या घरात मिटवू" असे म्हणणे कायद्यालाही धरून नाही आणि मुलाच्या हिताचेही नाही.

अठरा वर्षांखालील मुलाचे खाजगी चित्र पसरण्याची भीती असेल, तर "टेक इट डाउन" नावाची विनामूल्य सेवा आहे. तेथे ते चित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही. त्याची केवळ एक सांकेतिक खूण तयार होते आणि त्यावरून सहभागी कंपन्या ते चित्र आपल्या ठिकाणी शोधून काढून टाकू शकतात.

फोन चोरीला गेल्यास संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक हवा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो दिसतो. आजच वहीत लिहून ठेवावा.

आपल्या धर्मग्रामातही

जो नियम घराला, तोच देवळाच्या आवाराला. धर्मशिक्षणाचे वर्ग, वेदीसेवक, गायनवृंद, युवक मंडळ यांचे निरोप पालक असलेल्या गटातूनच जावेत. कोणत्याही मोठ्या माणसाने, मग तो शिक्षक असो, कार्यकर्ता असो वा धर्मगुरू असो, लहान मुलाशी रात्री-अपरात्री खाजगी निरोपांची देवाणघेवाण करू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली मुलांच्या संरक्षणासाठी जो नियम साऱ्या ख्रिस्तसभेला घालून दिला, त्यात मोबाइल आणि इंटरनेटवरून होणारे गुन्हेही धरलेले आहेत. "ते देवमाणूस आहेत, त्यांच्याबद्दल कसे बोलायचे?" असे वाटून मूल गप्प राहू नये. मुलांनो, तुमचे म्हणणे खरे मानून ऐकले जाईल, हे मोठ्यांनी तुम्हाला द्यायचे वचन आहे.

इंटरनेटवरचा एक संत

मोबाइल आणि संगणक वाईटच, असे ख्रिस्तसभा कधीच म्हणत नाही. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी कार्लो अक्युटिस याला संत म्हणून घोषित केले. कार्लोचा जन्म १९९१ चा. संगणकाची त्याला भारी आवड. स्वतः शिकून त्याने जगभरातील पवित्र मिस्साच्या चमत्कारांची माहिती देणारे संकेतस्थळ तयार केले. व्हिडिओ खेळ त्यालाही आवडत, पण त्यासाठी त्याने स्वतःला आठवड्याला एकच तास ठरवून दिला होता. रोजची मिस्सा मात्र त्याने चुकवली नाही. १२ ऑक्टोबर २००६ रोजी पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने तो प्रभूकडे गेला. तास त्याच्यावर कोणी लादला नव्हता, त्याने तो आपणहून ठरवला होता. तरुणांनो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घरी चर्चा करण्यासाठी

१. आपल्या घरात फोन बाजूला ठेवण्याची वेळ कोणती असावी? सर्वांच्या संमतीने ठरवा.

२. मुलांनी सांगावे : मोबाइलवर अलीकडे कशामुळे भीती किंवा लाज वाटली? पालकांनी मध्ये न बोलता ऐकावे.

३. पालकांनी सांगावे : फोनवरून आपली फसवणूक करण्याचा प्रयत्न झाला का? तेव्हा काय केले?

४. आईवडील कामावर असताना मूल ज्याच्याकडे धाव घेऊ शकेल अशा दोन मोठ्या माणसांची नावे कोणती? मामा, मावशी, शेजारच्या काकू, जे कोणी असतील त्यांचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा.

या आठवड्याचा संकल्प : वर सांगितलेले वचन आईवडील मुलांना मोठ्याने बोलून देतील, आणि त्या रात्री जपमाळेच्या वेळी घरातले सगळे फोन दुसऱ्या खोलीत असतील.

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, आमची मुले तू आमच्या हाती सोपवली आहेत. ती आमच्या नजरेआड असतात तेव्हाही तुझ्या नजरेत असतात. मारिया आणि योसेफ यांच्यासारखे त्यांना शोधायला आम्हाला पाय दे, त्यांचे ऐकायला कान दे आणि रागाच्या क्षणी आवरलेली जीभ दे. जी मुले आज धमकीखाली आहेत, त्यांना बोलण्याचे धैर्य दे आणि त्यांचे ऐकणारे कोणीतरी त्यांच्याजवळ पाठव. आमच्या तरुणांना निर्मळ आणि सावध ठेव. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे ही प्रार्थना करतो. आमेन.